‘स्टिल फील गॉन’ : मधला अल्बम आणि मागाहून चिकटलेलं नाव

अंकल टुपेलो या अमेरिकी रॉक बँडचा दुसरा अल्बम, ‘स्टिल फील गॉन’, सप्टेंबर १९९१मध्ये आला. गाणी तेरा, आणि तेराही बँडची स्वतःची. तपशील किरकोळ वाटतो, पण या बँडला मागाहून चिकटलेल्या ‘अमेरिकाना’ या नावाचा, म्हणजे कंट्री आणि लोकगीतांच्या मुळांतून आलेल्या अमेरिकी संगीताच्या नावाचा, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आदल्या वर्षीच्या ‘नो डिप्रेशन’मध्ये दोन गाणी उसनी होती. एक जुनं लोकगीत आणि दुसरं १९३६ साली ध्वनिमुद्रित झालेलं भक्तिगीत, ज्यावरून अल्बमचं नाव पडलं. तिसऱ्या अल्बममध्ये तर पारंपरिक गाण्यांची रेलचेलच. तो मार्च १९९२मध्ये जॉर्जियातल्या अथेन्सला पाच दिवसांत उरकला आणि त्या तारखाच त्याचं शीर्षक झाल्या. ‘मातीकडे वळलेला रॉक बँड’ ही गोष्ट या दोन अल्बमांवर झकास बसते. मधला मात्र आडवा येतो. बहुतेक लेखांत तो दोन ओळींत आटोपतात, त्याचं कारण हेच असावं.

बँड बेलव्हिलचा. मिसिसिपी नदीच्या पलीकडे सेंट लुईस, अलीकडे इलिनॉयमधलं हे गाव. कोळशाच्या खाणींचे दिवस केव्हाच सरलेले, बिअरचा मोठा कारखानाही १९८८मध्ये बंद पडला. शाळेपासून एकत्र वाजवणाऱ्या तिघांनी १९८७मध्ये नवं नाव घेतलं, कारण जुनं नाव एका इंग्लिश बँडने आधीच लावलेलं होतं. पहिला अल्बम बोस्टनमध्ये दहा दिवसांत, साडेतीन हजार डॉलरमध्ये झाला. दुसऱ्यासाठी निर्माते तेच दोघे, जागा मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावरचा स्टुडिओ आणि हाताशी सतरा दिवस.

त्या सतरा दिवसांत काय झालं ते कानांनाच कळतं. गिटार अंगावर येते, मध्येच तुटते, क्षणभर शांतता, पुन्हा दणका. त्याला लागून एखादं गाणं नुसत्या अकूस्टिक गिटारवर. एक गाणं तर कॅलिफोर्नियातल्या एका पंक त्रिकुटाच्या, डिसेंबर १९८५मध्ये व्हॅनच्या अपघातात गेलेल्या गायकाच्या नावाचं आहे. पूर्वज म्हणून नाव घेऊन स्मरण केलं ते त्याचं, लोकगीतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अपलेशियन डोंगरातल्या कुणा जुन्या गायकाचं नाही. अल्बम आला त्याच महिन्यात निर्वाना या रॉक बँडचा ‘नेव्हरमाइंड’ बाजारात आला आणि कंपन्या दणदणीत गिटारवाल्यांच्या मागे लागल्या. यांनी पुढच्याच वसंतात अकूस्टिक वाद्यं हाती घेतली. हा हट्ट होता की हिशेब, यावर अजून वाद होतो. मला हट्टच वाटतो.

मग ड्रमर सोडून गेला, १९९३मध्ये मोठ्या कंपनीकडून चौथा आणि शेवटचा अल्बम आला. १ मे १९९४ रोजी सेंट लुईसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला आणि दोघा गायकांचे दोन बँड झाले, सन व्होल्ट आणि विल्को.

‘अमेरिकाना’ हा शब्द संगीताच्या बाजारात स्थिरावला तो यानंतर. त्याआधी अमेरिकाना म्हणजे गोधड्या, जुनं फर्निचर, झेंडे, पोस्टकार्डं, असलं संग्राहकांचं सामान. जानेवारी १९९५मध्ये रेडिओवाल्यांच्या एका व्यापारी पत्राने या नावाची क्रमवारी छापायला सुरुवात केली. ती विक्रीवर नव्हे, तर कोणतं केंद्र काय वाजवतं यावर ठरायची. म्हणजे हा शब्द गायकांचाही नाही आणि श्रोत्यांचाही नाही, केंद्रांच्या सोयीचा आहे. (आपल्याकडे ‘सुगम संगीत’ रुळलं तेही रेडिओमुळेच. त्यात नक्की काय येतं, हे विचारून पाहा.) त्याच वर्षी निघालेल्या एका मासिकाने पहिल्या अल्बमचं नाव स्वतःला लावलं आणि ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री, म्हणजे जे काही असेल ते’ अशा अर्थाची ओळ मुखपृष्ठावर छापली. निदान तो प्रामाणिकपणा होता. १९९९मध्ये व्यावसायिकांची संघटना झाली, २०१०मध्ये ग्रॅमीत अमेरिकाना अल्बमचा स्वतंत्र विभाग आला, २०११मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी कोशाने संगीतातला अर्थ नोंदवला. प्रत्येक टप्प्यावर कुंपण थोडं सरकलं: आधी कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण धाटणीचं संगीत, लावणाऱ्या केंद्रांवर न वाजणारे, मग लोकगीतवाले, मग ब्लूज, सोल, गॉस्पेलही.

आणि या सगळ्याचं मूळ दाखवताना बोट जातं ते बेलव्हिलच्या तिघांकडे, ज्यांचा बँड शब्द रुळायच्या आत मोडला होता.

पहिल्या कंपनीशी असलेला मानधनाचा वाद मिटल्यावर २००३मध्ये पहिले तिन्ही अल्बम नव्याने निघाले. दुसऱ्याला जोडलेल्या जादा गाण्यांत अखेर एक उसनं गाणं आलं. ते केंब्रिजच्या एका बँडचं आहे, इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या.