रुपया पडला की लोक देशी माल घेतात का? थोडी जुनी गोष्ट

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला डॉलर ९० रुपयांच्या वर गेला आणि तेव्हापासून एक वाक्य सगळीकडे ऐकू येऊन राहिलं, की चला आता बाहेरचा माल महाग होईल, लोक आपोआप देशी घेतील. ऐकायला बरं वाटतं. पण हे गणित फार जुनं आहे, अर्धंच खरं आहे, आणि ते तपासायला नागपूरच्या बाहेर फारसं जावं लागत नाही.

सुरुवात नागपूरच्या एम्प्रेस या कापड मिलपासून करू. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, ही मिल सुरू केली, आणि कापूस आजूबाजूलाच पिकतो म्हणून मुंबई सोडून नागपुरात केली. तेव्हा आपला रुपया चांदीचा, इंग्रजांचा पौंड सोन्याचा. आणि नेमकी त्याच काळात जगभर चांदी पडत होती कारण जर्मनीसारखे देश चांदी सोडून सोन्याकडे गेले होते. १८७० च्या आसपास एका रुपयाला जवळपास २ शिलिंग मिळायचे (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स), १८९२-९३ पर्यंत ते सव्वा शिलिंगवर आलं. लँकेशायर म्हणजे इंग्लंडमधला कापड गिरण्यांचा भाग, त्यांचा खर्च पौंडात, त्यामुळे त्यांचं सूत इथे तुलनेत महाग पडायला लागलं, इथल्या मिलचं मात्र तसं नव्हतं, कापूस इकडचा, मजुरी रुपयात. मशिनरी तेवढी विलायतेहून यायची आणि ती महागच पडायची, पण ती एकदा बसवली की झालं. चीनमध्येही चांदीच चालायची म्हणून मुंबईच्या मिलवाल्यांनी तिकडे भरपूर सूत विकलं. पडक्या रुपयाचा देशी मालाला खराखुरा फायदा झाला असं ज्याबद्दल बिनधास्त म्हणता येतं तो काळ हाच.

मग सरकारने काय केलं? १८९३ मध्ये टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या, म्हणजे लोकांनी चांदी आणून रुपये पाडून घेणं थांबवलं, आणि रुपया हळूहळू १ शिलिंग ४ पेन्सवर आणून बसवला. १८९६ मध्ये तर इथल्या मिलमध्ये विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लावला, का तर विलायती कापडावर तेवढीच जकात आहे आणि लँकेशायरवाले ओरडून राहिले. म्हणजे रुपयाने जे दिलं ते टॅक्सने काढून घेतलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं, असहकाराचा ठराव इथेच पक्का झाला, आणि विदेशी कापडावर बहिष्कार आणि खादी हा त्याचाच भाग. यात रुपयाचा काही संबंध नव्हता बरं का. खादी मिलच्या कापडाहून स्वस्त नव्हतीच, लोकांनी ती महाग असून घेतली. उलट रुपयाचा प्रश्न नंतर आला, १९२६ मध्ये चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनने रुपया १ शिलिंग ६ पेन्सवर ठेवा म्हटलं तेव्हा. कमिशनमध्ये असलेल्या पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी एकट्याने विरोध नोंदवला, त्यांचं म्हणणं १ शिलिंग ४ पेन्सच बरोबर, कारण रुपया जास्त भारी केला की बाहेरचा माल स्वस्तात येऊन पडतो आणि इथला कारखानदार आणि शेतकरी दोघं मार खातात. ऐकलं कोणी नाही. १९२७ मध्ये कायदा झाला, आणि पौंडाला १३ रुपये ३३ पैसे हा जो रेट बसला तो थेट ६ जून १९६६ पर्यंत टिकला, इंग्रज गेले तरी रेट तोच!

६६ चं अवमूल्यन मोठं होतं, डॉलर ४.७६ वरून एकदम ७.५० रुपये. पण नागपूरच्या महाल किंवा इतवारी बाजारातल्या गिऱ्हाइकाने त्या दिवशी बाहेरची वस्तू सोडून देशी घेतली असं काही झालं नाही कारण दुकानात बाहेरची वस्तू होतीच कुठे. लायसन्स, परमिट, कोटा. घड्याळ एचएमटीचं, स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहा, आणि फॉरेनचा माल म्हणजे स्मगलिंगचा. देशी घेणं ही सक्ती होती, भावाचा त्यात काही रोलच नव्हता.

१९९१ ला ही भिंत पडायला लागली. तेव्हाचे पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव, जे त्याआधी आपल्या शेजारच्या रामटेकमधून खासदार होते, आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग. १ जुलै आणि ३ जुलै असं दोन टप्प्यांत रुपया खाली आणला, डॉलर २१ वरून २६ च्या आसपास गेला. पण त्याच सोबत आयात शुल्कही उतरवायला घेतलं, आणि ही गोष्ट लोक विसरतात, रुपया पडल्याने बाहेरचा माल जेवढा महाग झाला त्याहून जास्त तो पुढच्या वर्षांत शुल्क कमी झाल्याने स्वस्त झाला. तरी ग्राहकाच्या वस्तूंवर बंधनं राहिली, शेवटच्या ७१५ वस्तूंवरची बंधनं १ एप्रिल २००१ ला उठली आणि मग काय, नागपुरात बर्डीच्या फूटपाथवर चायना माल. माझ्या मते स्वतंत्र भारतात खरा प्रश्न, की रुपया पडला तर माणूस देशी घेईल का, हा २००१ नंतरचाच आहे. स्वातंत्र्यानंतर तोवर निवड करायला समोर दोन वस्तूच नव्हत्या.

आणि नंतरचं उत्तर फार उत्साहाचं नाही. खेळणी घ्या. २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या पार गेला, २०१८ मध्ये ७० च्या पार, पण चायना खेळण्यांचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते २०२० मध्ये शुल्क २० वरून ६० टक्के केलं आणि २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे सरकारी दर्जाचा, मार्क कंपल्सरी केला तेव्हा.

आता कूलर बघा, नागपूरकराला दुसरं उदाहरण द्यायची गरज नाही. गल्लीतल्या कारागिराने बनवलेला पत्र्याचा कूलर, याहून देशी काय असणार. पण उघडून बघा. मोटरचं वाइंडिंग तांब्याचं, तांब्याचा भाव लंडनला डॉलरमध्ये ठरतो, आणि २०१८ मध्ये तुतिकोरिनचा तांब्याचा मोठा कारखाना बंद पडल्यापासून तांबं आपण विकण्यापेक्षा आणतो जास्त. पंपाचं आणि पंख्याचं प्लास्टिक म्हणजे शेवटी कच्चं तेल, तेही बहुतेक बाहेरचं. पत्रा देशी, पण पोलाद बनवायला लागणारा कोकिंग कोळसा बराचसा ऑस्ट्रेलियाचा. निखळ रुपयातलं काय उरलं? ताट्यांचं गवत, कारागिराची मजुरी आणि दुकानदाराचं मार्जिन. म्हणून रुपया पडला की एसी महाग होतो तसा हा कूलरही होतो, थोडा उशिरा, जुना स्टॉक संपल्यावर. दोघांतला फरक थोडा वाढतो एवढंच, आणि तेवढ्यावर एसीचं ठरवलेला माणूस कूलरवर येत नाही. एम्प्रेस मिलच्या वेळी कापूस आणि मजुरी दोन्ही इथली होती म्हणून गणित जमलं. कूलरमध्ये ते जमत नाही, मोबाइलमध्ये तर बिलकुलच नाही.

मग कापूस तरी? तो तर आजही इथलाच. रुपया पडला म्हणजे बाहेरचा कापूस महाग, म्हणजे विदर्भाच्या शेतकऱ्याला भाव मिळायला पाहिजे, सरळ आहे ना. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं, कापड कारखानदार अडचणीत आले, आणि सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका इकडचा कापूस वेचून बाजारात येतो तेव्हा. त्या वर्षभरात रुपया पडला पाच-सहा टक्के, शुल्क गेलं अकरा. १८९६ मध्ये रुपयाचा फायदा टॅक्स लावून गेला होता, यावेळी टॅक्स काढून गेला, आणि कारखानदाराची बाजूही खोटी नाही, त्याला कापूस स्वस्त मिळाला नाही तर त्याचं देशी कापड बांगलादेशच्या कापडापुढे टिकत नाही. त्यामुळे कापूसवाल्याने डॉलरचा रेट बघायचाच असेल तर बघावा, पण शुल्काचं नोटिफिकेशन आधी बघावं.