टाइन्यो

टाइन्यो हा गॉथिक भाषेतला टोपलीसाठीचा शब्द. गॉथिक ही जर्मॅनिक कुळातली, आता लुप्त झालेली भाषा. तिच्याविषयी आपल्याला जे कळते ते मुख्यतः बिशप वुल्फिला याच्या ४थ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरातून. त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रत, ६व्या शतकातली ‘रौप्य पोथी’, स्वीडनमध्ये उप्साला येथे आहे.

शब्दाचे मूळ ‘टाइन्स’, म्हणजे फांदी किंवा फोक. टोपलीला नाव मिळाले ते आकारावरून नव्हे, ती ज्या फोकांची विणली त्यांवरून. म्हणूनच पुढे कोणत्याही विणलेल्या पात्राला हा शब्द चालला असावा.

मार्कच्या शुभवर्तमानात (८:१९-२०) उरलेल्या भाकरींच्या तुकड्यांनी भरलेल्या आधी बारा आणि मग सात टोपल्यांचा उल्लेख येतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी वेगवेगळे शब्द आहेत आणि भाषांतरात हा भेद काटेकोरपणे पाळला आहे : बारांसाठी घरचा टाइन्यो, सातांसाठी ग्रीकमधूनच उचललेला ‘स्पिरीडा’. दमास्कसच्या तटावरून ख्रिस्ती प्रेषित पौलाला ज्या टोपलीत बसवून खाली सोडले, तिच्यासाठी तर तिसराच शब्द आहे, ‘स्नोर्यो’; त्याचे नाते दोरीशी. टोपलीसारख्या साध्या वस्तूबाबत एवढी चोखंदळ वृत्ती आजच्या भाषांतरांतही क्वचितच दिसते.

याच मुळाचे शब्द भगिनीभाषांतही आहेत. जुन्या इंग्रजीत टोपलीला ‘टॅनेल’ म्हणत आणि फोकाला ‘टान’. ‘मिसलटो’ या बांडगुळाच्या नावातला शेवटचा ‘टो’ म्हणजे हाच टान. इंग्रजीत पायाच्या बोटालाही ‘टो’ म्हणतात, पण त्याच्याशी याचा संबंध नाही, तो लोकांनी मागाहून जोडला. नॉर्वेजियनमध्ये ‘टेइने’ म्हणजे मासे वा शेवंडी पकडायचा पिंजरा.

उच्च जर्मनमध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या उंच प्रदेशातल्या जर्मनमध्ये, मूळच्या ‘ट’चा ‘त्स’ झाला. इंग्रजी ‘टेन’ आणि जर्मन ‘त्सेन’ या दहाच्या आकड्यांत हाच फरक ऐकू येतो. त्या नियमाने हा शब्द ‘त्साइने’ झाला. पण प्रमाण जर्मनमध्ये टोपलीसाठी लॅटिन ‘कॉर्बिस’वरून आलेला ‘कोर्ब’ रुळला आणि त्साइने बोलींपुरता उरला. स्वित्झर्लंडमध्ये मात्र धुतलेले कपडे ठेवायची टोपली आजही त्साइनेच आहे, मग ती प्लॅस्टिकची का असेना.