सीटी स्कॅन नॉर्मल, पण शेंगाचटणीला वास नाही

"सीटी नॉर्मल आहे, घरी न्या." डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या नातेवाइकांना हे ऐकून हायसं वाटतं, आणि वाटायलाच हवं. कवटीत रक्तस्राव नाही, जिवावरचं टळलं. पण त्यावरून 'म्हणजे काहीच झालेलं नाही' असा जो अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. पुणे-हैदराबाद महामार्गावर किंवा सोलापुरातल्याच एखाद्या चौकात दुचाकीवरून पडलेला माणूस टाके काढून घरी येतो. दोन-तीन आठवड्यांनी ताटावर बसून म्हणतो, "जेवणाला चवच नाही." घरचे म्हणतात, धसका घेतलाय. कुणी मीठमिरच्या ओवाळून टाकतं. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याच्या वासाच्या नसेला इजा झालेली असते.

मेंदूपासून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत. डोक्याच्या मारात त्यांतली कुठलीही दुखावू शकते. चौथी किंवा सहावी गेली की एकाच्या जागी दोन दिसतात. सातवी कानाजवळच्या हाडातून जाते. ते हाड तडकलं तर अर्धा चेहरा लुळा पडतो, डोळा मिटत नाही. चेहरा पडताक्षणीच लुळा झाला की दोन-चार दिवसांनी, हे डॉक्टरांना जरूर सांगावं, कारण उपचाराची दिशा त्यावर ठरते. या तक्रारी निदान दिसतात तरी. पहिली नस, म्हणजे वासाची, गेली तर बाहेरून काहीच कळत नाही.

हिची रचना विलक्षण आहे. नाकाच्या छताशी, दोन डोळ्यांच्या मधोमध, काही चौरस सेंटिमीटरचं अस्तर असतं. त्यात वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांचे अतिशय बारीक तंतू एकेका बाजूला साधारण २० जुडग्यांनी वर जातात, एका पातळ, छिद्रं असलेल्या हाडातून कवटीत शिरतात आणि मेंदूच्या पुढच्या भागाखाली असलेल्या गंधकंदाला, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या मेंदूच्या छोट्या भागाला, मिळतात. मेंदूचं वजन सुमारे १४०० ग्रॅम. पण तो भोवतालच्या पाण्यात तरंगत असल्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमएवढाच जाणवतो. डोकं रस्त्यावर आपटलं की कवटी जागीच थांबते, मेंदू मात्र क्षणभर पुढेमागे सरकतो. गंधकंद मेंदूबरोबर सरकतो आणि तंतू हाडाच्या छिद्रांत अडकलेले राहतात. मागावरचं कापड एकदम हिसडलं तर फणीतून गेलेले ताणे जसे फणीपाशीच तुटतील, तसे हे तंतू हाडापाशी तुटतात. डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसूनही वास जातो, तो यामुळेच. हाड मोडायलाच हवं असं नाही, आणि इतके बारीक तंतू सीटीत दिसतही नाहीत.

मग तक्रार चवीची का? जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शासारखी चव) एवढंच ओळखते, आणि ते काम वेगळ्या नसांचं आहे. मिरचीचा जाळ तर चवही नाही. ती जळजळ पाचव्या नसेतून जाते. बाकी सगळा स्वाद घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासातून येतो. म्हणून अशा माणसाला शेंगाचटणी तिखट लागते, मीठ कळतं, पण भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि लसणाचा पत्ता नसतो. घरी तपासायचं तर बाम किंवा अमोनिया वापरू नका, कारण त्यांचा झोंबरेपणाही पाचवी नसच कळवते. डोळे मिटून, एकेक नाकपुडी बंद करून कॉफी, हिंग किंवा साबण ओळखायला सांगा.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी एकदा मेल्या की पुन्हा होत नाहीत. नाकातल्या या पेशी मात्र आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. माणसात गंधग्राहकांचे, म्हणजे या पेशींवरच्या वास पकडणाऱ्या प्रथिनांचे, सुमारे ४०० प्रकार आहेत. त्यांच्या जनुकांचा शोध अमेरिकी शास्त्रज्ञ लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एका पेशीत साधारणपणे एकाच प्रकारचा ग्राहक असतो. नाकात त्या प्रकारच्या पेशी विखुरलेल्या असतात, पण त्यांचे तंतू गंधकंदातल्या ठरावीक गुच्छांवरच एकत्र येतात. मेंदू वास ओळखतो तो कोणकोणते गुच्छ एकदम जागे झाले यावरून. मार लागल्यावर नव्या पेशींचे तंतू पुन्हा वर वाढतात. वाटेत छिद्रं व्रणाने बुजली असतील तर तिथेच थांबतात. काही पार जातात, पण चुकीच्या गुच्छाला जोडले जातात. मग चहाला जळकट वास येतो, कांद्याला सडका. रुग्ण घाबरतो, घरात 'बाहेरचं' काही झाल्याची कुजबुज सुरू होते. खरं तर हे बहुधा तंतू पुन्हा जुळत असल्याचं लक्षण असतं. सुधारणा झालीच तर बरीचशी पहिल्या वर्षभरात दिसते. अनेकांना ती होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये वासाच्या सरावाची पद्धत मांडली: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, दिवसातून दोनदा, १२ आठवडे, लक्ष देऊन हुंगायचं. विषाणूच्या सर्दीनंतर गेलेल्या वासात तिचा जेवढा फायदा दिसतो, त्यापेक्षा माराच्या रुग्णांत कमी दिसतो. पण खर्च नाही, अपाय नाही, करून पाहावी.

नाकात तेल, तूप किंवा पाल्याचा रस सोडणं मात्र पूर्ण टाळा. ते छिद्रांचं हाड तडकलं असेल तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून थेंबथेंब गळतं. वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी येत असेल तर ती सर्दी समजू नका, नाक जोराने शिंकरू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. त्या वाटेने जंतू आत शिरले तर मेंदूच्या आवरणाचा जीवघेणा दाह होऊ शकतो. रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणाऱ्यांनाही हात जोडून सांगतो, त्याने काहीही होत नाही. त्याची मान न हलवता १०८ ला फोन करा.

हेल्मेटने डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. सोलापूरच्या मे महिन्यात ते डोक्यावर ठेवणं जड जातं हे मान्य, पण आरशाला लटकवलेलं हेल्मेट या तंतूंच्या काही उपयोगाचं नाही.

आणि ज्यांचा वास खरोखर गेला आहे, त्यांच्या घरी आजच दोन गोष्टी कराव्यात. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम मिसळलेला मर्कॅप्टनचा उग्र दर्प त्यांना येणार नाही, म्हणून गळती ओळखणारा गजर बसवावा. दूध-भाजी उतरली आहे का, हे रोज दुसऱ्या कुणीतरी हुंगून सांगावं.