‘गर्दीला डोकं नसतं’ हे कुठून आलं?

गोव्यातल्या फोंड्यात शिगम्याची, म्हणजे तिथल्या होळीच्या सणाची, मिरवणूक निघाली की कुणीतरी म्हणतंच, ‘गर्दीला डोकं नसतं.’ हा समज रुजवण्यात मोठा वाटा फ्रान्सच्या गुस्ताव ल बाँ या लेखकाचा. गर्दीत शिरलेला माणूस विवेक गमावतो, असं त्याने १८९५ साली ठासून सांगितलं.

पुरावा वेगळंच सांगतो. एप्रिल १९८० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स वस्तीत पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातला आणि दंगल पेटली. मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायशर यांनी ती बारकाईने तपासली. दगड पडले ते पोलिसांवर आणि त्यांच्या गाड्यांवर. बँक जळाली, वस्तीतली घरं मात्र बहुतांशी शाबूत. पोलीस वस्तीबाहेर हटले, तिथे पाठलागही थांबला. जमावातलेच काहीजण वाहतुकीला वाट करून देत होते! हिंसा होतीच, पण अंदाधुंद नव्हती.

म्हणजे माणूस भान हरपत नाही, ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणून वागतो. रोमटामेळात, म्हणजे शिगम्यात ढोल वाजवत नाचत निघणाऱ्या मेळ्यात, ढोलाची चाल बदलली की शेकडो पावलं बदलतात, ती काय बेभान होऊन?

ल बाँवर भरवसा ठेवून बंदोबस्त लावला, की पोलीस सगळ्यांनाच सरसकट रेटतात. मग शांत उभी असलेली माणसंही त्यांच्याविरुद्ध एक होतात, हे रायशर यांच्या पुढच्या कामातून दिसलं.