पर्वरीतल्या लेखी उत्तरामागचा इतिहास

पर्वरीत विधानसभेचे पावसाळी अधिवेशन सुरू झाले की गोव्यातल्या मराठी दैनिकांत एक वाक्य रोज भेटते: ‘आमदारांच्या प्रश्नाला दिलेल्या लेखी उत्तरात मंत्र्यांनी ही माहिती दिली.’ त्यापुढे आकडे येतात. मामलेदारांकडे मुंडकारांचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे, किती खटले पडून आहेत, कुठल्या गावात किती चौरस मीटर जमिनीचा विभाग (झोन) बदलला, कुठल्या सरकारी प्राथमिक शाळेत किती मुले उरली. वाचकाच्या लक्षात आकडा राहतो, पण खात्याच्या कपाटातून तो बाहेर कसा आला हे सहसा कुणी सांगत नाही. सभागृहातल्या गदारोळाची चित्रफीत दोन दिवस फिरते आणि विसरली जाते. लेखी उत्तर मात्र वीस वर्षांनीही पुरावा म्हणून पुढे ठेवता येते. अधिवेशनातून सामान्य माणसाच्या पदरात पडणारी सर्वांत टिकाऊ गोष्ट हीच, असे माझे ठाम मत आहे. सरकारला प्रश्न विचारून उत्तर मागण्याचा हा हक्क गोव्याला उशिरा मिळाला, म्हणून तो कुठून आला हे इथे तरी माहीत असायला हवे.

सरकारला सभागृहात प्रश्न विचारल्याची पहिली नोंद इंग्लंडमधली, उमरावांच्या सभागृहातली, १७२१ सालची आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात तो हक्क यायला १८९२ चा कौन्सिल कायदा व्हावा लागला. त्याआधी कौन्सिलच्या, म्हणजे कायदेमंडळाच्या, सदस्यांनी समोर आलेल्या कायद्यावर बोलायचे, एवढेच होते. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी अवधमधल्या भिंग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. विषय होता दौऱ्यावरच्या सरकारी अधिकाऱ्यांना माल पुरवताना गावच्या दुकानदारांना होणाऱ्या त्रासाचा. देशातला पहिलाच प्रश्न साध्या दुकानदाराच्या गाऱ्हाण्याचा निघाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. उत्तरावर लगेच पुरवणी प्रश्न विचारायची मुभा १९०९ च्या सुधारणांनी दिली, तीही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. ती इतर सदस्यांना पुढच्या सुधारणांनंतर मिळाली. तोंडी उत्तर हवे असलेल्या प्रश्नावर तारा छापण्याची पद्धत १९२१ पासूनची. ‘तारांकित’ आणि ‘अतारांकित’ ही नावे त्या छपाईतल्या खुणेवरून रुळली.

यातले काहीच गोव्याला लागू नव्हते. गोवा लिस्बनला बांधलेला होता. पोर्तुगालमधल्या उदारमतवादी क्रांतीनंतर १८२२ मध्ये गोव्यातून तिथल्या संसदेसाठी प्रतिनिधी निवडले गेले. बेर्नार्द पेरिस द सिल्वा आणि कोस्तांसियु रॉक द कॉश्त हे त्यांपैकी दोघे. पुढे १८६० च्या दशकात सासष्टीतल्या नावेलीचे डॉ. फ्रान्सिश्कु लुईश गोमिश लिस्बनच्या सभागृहात उभे राहून वसाहतींच्या हक्कांसाठी बोलले. ही परंपरा अभिमानाची आहे. पण मताधिकार मूठभरांपुरता होता आणि ते सभागृह समुद्रापलीकडे होते. पेडण्याच्या कुळाचा किंवा काणकोणच्या मजुराचा प्रश्न तिथवर पोचण्याची वाटच नव्हती.

पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत होते तेही आक्रसले. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना दुय्यम ठरवले, तेव्हा लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये पणजीच्या कौन्सिलमध्ये त्याविरुद्ध ठराव मांडला आणि स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. लिस्बनच्या धोरणावर त्याचा परिणाम झाला नाही. त्यानंतरची तीन दशके वृत्तपत्रांवर सेन्सॉर, सभेला परवानगी आणि लग्नपत्रिका छापायची तरी आधी सरकारी मंजुरी. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी जी बंदी मोडली ती याच जाचाची होती. प्रशासनाला जाब विचारणे हा जिथे गुन्हा धरला जाई, तिथे खात्याने आमदाराला ठरलेल्या दिवशी लेखी उत्तर द्यायचे, हा बदल किती मोठा होता ते त्या पिढीलाच कळले असेल.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण विधानसभा लगेच आली नाही. आधी लष्करी प्रशासन, मग नायब राज्यपाल. संघप्रदेशांचा, म्हणजे केंद्रशासित प्रदेशांचा, कायदा १९६३ मध्ये झाला, त्याच वर्षी ९ डिसेंबरला मतदान झाले, २० डिसेंबरला दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि जानेवारी १९६४ मध्ये पणजीच्या आदिलशहाच्या राजवाड्यात, म्हणजे जुन्या सचिवालयात, पहिली विधानसभा भरली. पहिले सभापती पां. पु. शिरोडकर, समोर विरोधी बाकावर डॉ. जॅक सिक्वेरा. तीस निर्वाचित सदस्यांपैकी अठ्ठावीस गोव्याचे, एक दमणचा, एक दीवचा. ज्या राजवाड्यात विजरईंचा (पोर्तुगीज व्हाइसरॉयांचा) मुक्काम असे, तिथे आता मंत्र्याला प्रश्न जाऊ लागले.

पण हा हक्क तेव्हा पुरता मोकळा नव्हता. १९६३ च्या त्या कायद्यात एक कलम असे होते की प्रशासक, म्हणजे नायब राज्यपाल, स्वतःच्या अखत्यारीत जी कामे करतो, त्यांवर चर्चा किंवा प्रश्न विचारायला मनाई करणारे नियम त्याने राष्ट्रपतींच्या संमतीने करावेत. निवडून आलेल्या सभागृहाला सांगितले जात होते की अमुक दाराच्या आत डोकावू नका. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झाले तेव्हा हे बंधन गळाले. घटक राज्याच्या चर्चेत भाषा, अस्मिता आणि निधी यांवर भरपूर लिहिले गेले. प्रश्न विचारण्याची कक्षा रुंदावली, याकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. सभागृह चाळीस जणांचे झाले आणि २००० मध्ये ते मांडवीपलीकडे पर्वरीच्या टेकडीवरच्या नव्या संकुलात गेले.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. खाती गटांत वाटलेली असतात आणि प्रत्येक गटाला वार ठरलेला असतो. आमदार सूचना देतो, सचिवालय ती नियमांत बसते का पाहते, तोंडी उत्तरासाठीचा क्रम चिठ्ठ्या टाकून लागतो. प्रश्नात मत विचारायचे नाही, युक्तिवाद करायचा नाही, न्यायप्रविष्ट बाब उकरायची नाही, मंत्र्याच्या कक्षेबाहेरचे विचारायचे नाही. सरकारी कचेऱ्यांत या प्रश्नाला सगळे ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. अधिवेशनाच्या तोंडावर एलएक्यू आला की खात्यातला कारकून, अवर सचिव, संचालक, सगळ्यांची रजा अवघड होते. पणजीहून निरोप मामलेदार कचेरीत जातो, तिथून तलाठ्याकडे आणि पंचायत सचिवाकडे. माहिती उलट्या वाटेने वर चढते, मंत्र्याची सही होते आणि उत्तर सभागृहाच्या पटलावर येते. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच तारांकित प्रश्न पुकारले जातात. वेळेअभावी राहिलेल्या तारांकितांची उत्तरेही लेखी स्वरूपात पटलावर जातात.

प्रश्नाची घडण कशी असते यावर सगळे अवलंबून असते. समजा, पेडणे तालुक्यातल्या पाणीटंचाईचा विषय आहे. ‘टँकरने पाणीपुरवठा होतो हे खरे आहे काय?’ असे विचारले तर उत्तर येते ‘होय’. पुढे ‘असल्यास सरकारने कोणती उपाययोजना केली?’ तर ‘आवश्यक ती पावले उचलली आहेत’. यातून हाती काहीच लागत नाही. अनुभवी आमदार असे लिहितो: (अ) गेल्या तीन आर्थिक वर्षांत पेडणे तालुक्यात टँकरवर झालेला खर्च, गावनिहाय व महिनानिहाय, (ब) प्रत्येक कंत्राटदाराचे नाव, कामाच्या आदेशाचा क्रमांक व तारीख, फेऱ्यांची संख्या, (क) निविदा न काढता दिलेली कामे आणि त्याची कारणे. आता खात्याला परिशिष्ट जोडावेच लागते. मग एखाद्या वाडीवरचा माणूस त्या परिशिष्टात आपल्या वाडीचे नाव शोधतो आणि त्या महिन्यात टँकर आलाच नव्हता हे त्याला ठाऊक असते. लेखी उत्तराची ताकद इथे आहे. आकडा सरकारने स्वतः सहीनिशी दिलेला असतो, तो नंतर नाकारता येत नाही. चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाचा विषय होऊ शकतो, निदान मंत्र्याला दुरुस्तीचे निवेदन करावे लागते.

त्याच ताकदीपायी पळवाटाही तयार झाल्या. ‘वरील (अ) पाहता प्रश्न उद्भवत नाही’ ही एक. ‘बाब न्यायप्रविष्ट आहे’ ही दुसरी. म्हादई नदीचा पाणीतंटा आणि खाणी या दोन्ही विषयांना इतकी वर्षे न्यायालये नि लवाद चिकटलेले आहेत की हे उत्तर तिथे आयते हाताशी असते. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी बंद झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजची नूतनीकरणे रद्द केली. या काळात डिचोली, सांगे, केपे, सत्तरीतल्या कुटुंबांना भवितव्याची उत्तरे हवी होती. खटला चालू असला तरी वस्तुस्थितीचा आकडा द्यायला अडचण नसते. निकालावर परिणाम होईल असे मत देणे वेगळे आणि पंपाने किती पाणी उपसले ते सांगणे वेगळे.

सर्वांत जास्त नुकसान ज्या उत्तराने होते ते म्हणजे ‘माहिती गोळा केली जात आहे’. एका ओळीत खाते मोकळे होते. अधिवेशन संस्थगित झाले की निकाली न निघालेली सूचना सहसा गळून पडते आणि आमदाराला पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. यावर उपाय म्हणून आश्वासन समिती असते. लोकसभेने ती १९५३ मध्ये नेमली आणि मग राज्यांनीही तीच वाट धरली. मंत्र्याने सभागृहात ‘करू’, ‘पाहतो’, ‘माहिती देतो’ म्हटले की त्याचा पाठपुरावा करणे हे तिचे काम. ही समिती बातमीत क्वचित येते. माझ्या मते तिच्या बैठकांकडे पत्रकारांनी प्रश्नोत्तराच्या तासाइतकेच लक्ष द्यायला हवे.

मुंडकारांचे उदाहरण घ्या. मुंडकार कायदा १९७५ चा, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असतानाचा. कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती त्यापुढच्या वर्षातली. घराखालची जमीन राहणाऱ्याची व्हावी, हा साधा न्याय. तरीही पुढच्या जवळजवळ प्रत्येक विधानसभेत तोच प्रश्न येत राहिला: तालुकानिहाय किती खटले प्रलंबित, किती निकालात, किती वर्षे जुने. खटला लढणाऱ्या म्हाताऱ्या बाईला फक्त आपली तारीख कळते. सगळ्या तालुक्यांचे चित्र एकत्र दिसते ते अशा उत्तरांतूनच. जमिनीच्या विभागबदलाचेही तेच. २००६ च्या अखेरीस जमिनीचा वापर ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २००७ मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर गोमंतकीय माणूस सर्व्हे क्रमांक वाचायला शिकला. अलीकडे नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९(अ) कलमांखालच्या विभागबदलांवरून ग्रामसभा तापल्या, तेव्हाही हाती धरायला सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि जुना-नवा विभाग सांगणारे कागदच लागले.

विधानसभाच नसली तर हा मार्ग बंद. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या जनमत कौलाआधी डिसेंबर १९६६ मध्ये, मग १९७९, १९९०, १९९९ आणि २००५ मध्ये गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. त्या महिन्यांत खात्यांना इथे जाब विचारणारे कुणी नव्हते. कोविडच्या वर्षी जुलै २०२० चे अधिवेशन एका दिवसात गुंडाळले गेले. महासाथीत इस्पितळे, खाटा, प्राणवायू यांची माहिती सर्वांत जास्त हवी असताना.

माहिती अधिकाराने या एकट्या खिडकीशेजारी दुसरी उघडली. गोव्याने स्वतःचा माहिती हक्काचा कायदा १९९७ मध्येच केला, केंद्राच्या आठ वर्षे आधी. २००५ च्या केंद्रीय कायद्यात वैयक्तिक माहितीच्या कलमाखाली एक ओळ होती: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. आमदार आणि मतदार यांना एका पायरीवर आणणारी ही ओळ होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने ते कलम बदलले आणि ती ओळ काढून टाकली. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देण्याची तरतूद शिल्लक आहे, पण ते हित पटवून देण्याचे ओझे आता अर्जदाराच्या खांद्यावर आले. कंत्राटी भरतीतली नावे, योजनेचे लाभार्थी, निलंबित अधिकाऱ्याची चौकशी, अशा बाबतीत अर्जाला नकार मिळणे सोपे झाले.

म्हणजे आमदाराच्या प्रश्नाचे वजन पुन्हा वाढले आहे. ज्या नागरिकाचा अर्ज फेटाळला गेला, त्याला तोच मजकूर (अ), (ब), (क) करून आपल्या मतदारसंघाच्या आमदाराकडे नेता येतो, मग तो सत्ताधारी असो वा विरोधी. सध्याच्या विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. तोवर न आलेली उत्तरे तिच्याबरोबरच व्यपगत होतील आणि नव्या सभागृहात ती पुन्हा मागावी लागतील.