पाच खोल्यांचे घर आणि शाबूत पावले

भारतीय रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग बंद केला, म्हणजे त्यालाच दुसरा वर्ग म्हणायला सुरुवात केली. मुंबईच्या लोकलमध्ये महिलांच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्गामध्ये आजही फक्त एक जाळी असते. संध्याकाळच्या गर्दीत पलीकडच्या बायकांचे बोलणे अलीकडे स्पष्ट ऐकू येते. हे वर्गभेद कधी नाहीसे होतील का, असे विचारले की ‘माणसाचा स्वभावच तसा’ असे उत्तर मिळते. मानववंशशास्त्राचा पुरावा मात्र वेगळे सांगतो.

आफ्रिकेतील कलहारी वाळवंटात शिकारीवर जगणाऱ्या कुंग लोकांत मोठी शिकार आणणाऱ्याचे कौतुक होत नसे, उलट ‘नुसती हाडेच आणलीस’ म्हणून त्या शिकारीला नावे ठेवली जात, जेणेकरून शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये. मांसाचा मालक ठरे तो बाणाचा मालक, आणि बाण तर एकमेकांना सतत दिले-घेतले जात. ही समता आपोआप आलेली नव्हती. ती रोज जपली जाई.

मग भेद रुजला कुठे? पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या शेतकरी वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर आणि जवळच धान्याचे कोठार सापडले. कारागिरांची घरे मात्र कडेला होती. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावले तोडण्याची तिथे रीत होती. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या पुरुषाची पावले मात्र शाबूत होती. मला हा पुरावा फार बोलका वाटतो, कारण मानसन्मान आणि कोठार येथे एकाच अंगणात सापडतात.

मानववंशशास्त्रज्ञ मोनिक बोर्गरहॉफ मल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ लहान समाजांचा अभ्यास करून २००९ साली दाखवले की, जिथे जगणे कौशल्यावर आणि नात्यागोत्यांवर चालते तिथे विषमता पिढ्यान्‌पिढ्या फारशी टिकत नाही. जमीन आणि गुरे महत्त्वाची ठरली की ती टिकते. धान्याचे कोठार मुलाच्या नावे करता येते, तिरंदाजाचा नेम करता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीला ‘बंदिस्त वर्ग’ म्हटले होते. दार बंद करण्याचे काम जातीअंतर्गत विवाह करतो, हे त्यांचे म्हणणे होते.

म्हणून माझे उत्तर असे आहे की कौशल्यातला फरक राहील, पण तो वर्ग व्हायलाच हवा असे नाही. वर्ग घडतो तो वारशाने. लालबागची दहा बाय बाराची खोली मुलाकडे येते, तशीच मलबार हिलची सदनिकाही येते, आणि पुढची शाळा, ओळखी, उपचार बहुतांशी त्यावरून ठरतात. मोठ्या वारशावर कर घेणारा इस्टेट ड्यूटीचा कायदा आपल्याकडे १९५३ साली आला आणि १९८५ साली ही आकारणी बंद झाली. तेव्हापासून मलबार हिलची ती सदनिकाही वारसाकराविना पुढच्या पिढीकडे जाते.