माती टेकवा, पाणी नको

कळव्याला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी माझ्या मावशीची खोली होती. मागची भिंत थेट डोंगराच्या मातीला टेकलेली. मे महिन्यात त्या भिंतीला पाठ लावून बसलं की जीव थंड व्हायचा. जुलैत तिलाच पांढरा लोणा फुटायचा, पोपडे निघायचे आणि कपाटातल्या गोधड्यांना बुरशी लागायची. मातीच्या आडोशाने घर बांधायचं तर त्या भिंतीची ही दोन्ही रूपं समजून घ्यायला हवीत.

माती उष्णता फार हळू वाहून नेते. दिवसरात्रीचा चढउतार वरच्या दीड-दोन हातांतच विरतो. काही मीटर खाली तापमान वर्षाच्या सरासरीजवळ टिकून राहतं, ठाण्यात ते साधारण २७-२८ अंश. आपली त्वचा ३३-३४ अंशांची. त्यामुळे बाहेर काहिली होत असतानाही अंगातली उष्णता गुपचूप भिंतीकडे जात राहते.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या ताओसजवळ मायकेल रेनॉल्ड्स यांनी १९७०च्या दशकापासून जुन्या टायरांत माती ठासून अशी घरं उभी केली. त्यांचे फोटो मोहात पाडतात. पण ताओसला वर्षाकाठी पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे २,५०० च्या आसपास आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. अडीच मीटर उंच भिंतीमागे पूर्ण उंचीइतकं पाणी तुंबलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच सुमारे तीन टन रेटा येतो. घाटरस्त्याच्या संरक्षक भिंतींना भोकं ठेवलेली असतात ती याचसाठी. पावसात त्यांतून धारा लागतात.

म्हणून इथे भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आधी जलरोधक थर, मग हातभर रुंद खडीचा पट्टा, तळाशी उतार दिलेला भोकांचा पाइप, खडीत गाळ शिरू नये म्हणून जिओटेक्स्टाइलचं कापड, आणि त्यानंतरच मुरमाचा भराव. ठाण्यात जागोजागी इमारती पाडल्या जात आहेत, राडारोडा हवा तेवढा मिळतो. तो जोत्यात जरूर भरावा, पण काँक्रीटचे तुकडे या खडीच्या जागी नकोत. त्यांतला चुना पाण्यात उतरून कापडावर नि पाइपात साका धरतो, निचरा बंद पडतो. तिथे काळ्या दगडाचीच खडी हवी.

दुसरा शत्रू हवेतला. पावसाळ्यात हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. भिंत २७ अंशांची असेल तर तिच्यालगतची आर्द्रता ८९ टक्क्यांवर जाते, आणि बुरशीला ८० टक्केही पुरतात. मावशीच्या खोलीला मागे खिडकीच नव्हती. माझ्या मते इथे घर दोन, फार तर तीन बाजूंनीच मातीत असावं. समोर पडवी, मागे छताजवळ झरोके म्हणजे वारा आरपार जाईल. आतून चुन्याचा गिलावा द्यावा, चुन्याच्या अल्कधर्मी पृष्ठभागावर बुरशी सहजी धरत नाही.

छतावर माती घालण्याची हौस मात्र जपून करावी. फूटभर ओली माती दर चौरस मीटरला ५००-६०० किलो भरते. नेहमीच्या गच्चीवर वापरासाठी धरलेला भार १५० किलोच्या आसपास असतो. त्यापेक्षा जुनी मंगलोरी कौलं घालून केलेला फिलर स्लॅब बरा. स्लॅबच्या खालच्या भागात ताण लोखंड सोसतं, त्यामुळे तिथलं थोडं काँक्रीट काढून कौलं बसवता येतात. सिमेंट वाचतं, वजन घटतं.

जुलैत संजय गांधी उद्यानात गेलात तर कान्हेरीला लेण्यांच्या आत नुसतं डोकावून परतू नका. बाहेर कातळात कोरलेले पाट बघा. डोंगरावरून येणारं पाणी त्यांतून पोढीकडे, म्हणजे कातळात कोरलेल्या टाक्याकडे वळवलेलं आहे.